फायरवॉल चालू असली तरी प्रोग्राम गुपचूप नेटवर जाऊ शकतो का?

तुम्ही विचारलंय की विंडोजची फायरवॉल चालू असताना एखादा प्रोग्राम आपल्या नकळत माहिती बाहेर पाठवू शकतो का. हो, पाठवू शकतो, आणि बहुतेक वेळा त्याला लपावंही लागत नाही.

ही फायरवॉल मुळात बाहेरून आत येणाऱ्यांना रोखण्यासाठी आहे. 2004 साली विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक 2 या मोठ्या अपडेटपासून ती आपोआप चालू असायला लागली, तेव्हा बाहेर जाणारं ती तपासतच नव्हती. व्हिस्टापासून ती सोय आली. पण आजही विंडोज 11 मध्ये ‘विंडोज डिफेंडर फायरवॉल’चं ॲडव्हान्स्ड पान उघडून बघा: ज्या आउटबाउंड, म्हणजे बाहेर जाणाऱ्या, कनेक्शनला नियम नाही, ते ‘अलाउड’ असं सरळ लिहिलेलं असतं.

मी एका सीएच्या ऑफिसातले कॉम्प्युटर बघतो. तिथल्या एका ताईंनी मोबाइलवरून स्कॅन घेणारा फुकटचा प्रोग्राम टाकला होता. फायरवॉलची खिडकी आली तेव्हा त्यांनी ‘कॅन्सल’ दाबलं आणि निर्धास्त झाल्या. त्यांची काहीच चूक नव्हती, ती खिडकी वाचून कोणालाही तसंच वाटेल. पण ती असते फक्त आत येणाऱ्या कनेक्शनबद्दल. कोणता प्रोग्राम काय वापरतोय ते दाखवणाऱ्या विंडोजच्या रिसोर्स मॉनिटरचा नेटवर्क टॅब उघडला, तर स्कॅनिंग बंद असतानाही त्या प्रोग्रामच्या नावापुढे ‘सेंड’चा आकडा हलत होता. क्लायंटची पॅन कार्डं आणि बँक स्टेटमेंट असलेल्या मशीनवर हे बघून मला धडकीच भरली.

तिथे मी सिंपलवॉल टाकलं. ते प्रत्येक प्रोग्रामसाठी बाहेर जाऊ द्यायचं का ते विचारतं. मॅकवर लिटल स्निच आणि लिनक्सवर ओपनस्निच हेच काम करतात. स्कॅनरला नाही म्हटलं आणि आकडा थांबला. स्वतःच्या नावाने, सरळ दाराने जाणाऱ्या प्रोग्रामवर हा उपाय चांगला चालतो.

मुद्दाम लपणाऱ्याचं तसं नाही. 2001 च्या सुमारास टूलीकी नावाचा चाचणीपुरता लिहिलेला छोटा प्रोग्राम आला होता. तो इंटरनेट एक्सप्लोररची न दिसणारी खिडकी उघडायचा आणि माहिती वेबपत्त्यातच घालून पाठवायचा. फायरवॉलला दिसायचा फक्त ब्राउझर, आणि त्याला तर परवानगी आधीच दिलेली. डीएनएसच्या, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा नंबरी पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेच्या, चौकशीत लपवून माहिती नेण्याचाही मार्ग आहे. आणि एकदा का प्रोग्रामला ॲडमिनचे, म्हणजे सिस्टिममध्ये काहीही बदलण्याचे, हक्क मिळाले, की तो फायरवॉलमध्ये स्वतःचा नियम घालू शकतो किंवा तीच बंद करू शकतो.

कधी कधी सिस्टिम बनवणाराच वाट सोडतो. 2020 च्या मॅकओएस बिग सरमध्ये ॲपलने स्वतःचे काही प्रोग्राम लिटल स्निचसारख्या फायरवॉलच्या नजरेतून वगळले होते. टीका झाल्यावर 11.2 मध्ये ती सूट काढली.

म्हणून असं करा. रोजचं काम स्टँडर्ड खात्यावर करा, ॲडमिनवर नको. विचारणारी फायरवॉल लावा. पहिला आठवडा खिडक्यांचा भडिमार होईल, तरी कंटाळून सगळ्यांना ‘अलाऊ’ करू नका. मात्र ‘एसव्हीसीहोस्ट’ (svchost) हे विंडोजच्याच एका प्रोग्रामचं नाव दिसलं तर घाबरून ब्लॉक करू नका, विंडोज अपडेट आणि डीएनएस त्याच्यातूनच चालतात. आणि व्हायरसचाच संशय असेल तर फायरवॉलवर विसंबू नका. आधी नेटची वायर काढा, वायफाय बंद करा, मग मशीन कोणा जाणकाराला दाखवा.