बदकांच्या शिकारीसाठी पावणेतीन, तीन की साडेतीन इंची काडतूस?

नमस्कार. तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: घर कोपरखैरण्यात, नोकरी सध्या मिनेसोटात. ऑफिसातला मित्र या हंगामात बदकांच्या शिकारीला नेणार आहे आणि आजोबांची १२ गेजची (गेज म्हणजे नळीच्या रुंदीचं माप) जुनी बंदूक तुम्हाला वापरायला देणार आहे. दुकानात पावणेतीन, तीन आणि साडेतीन इंच अशी तीन लांबीची काडतुसं दिसली. दुकानदार म्हणाला, "लांब घ्या, लांबवर लागेल." तर घ्यायचं कोणतं?

मी त्याच राज्यात बरीच वर्षं नोकरी केली आणि तिथल्या मित्रांबरोबर दलदलीत पहाटे उभा राहायला शिकलो. आता ठाण्यात असतो. बंदूक नवी असती तर मी डोळे झाकून सांगितलं असतं: तीन इंची, २ नंबरचे स्टीलचे छरे (नंबर जितका लहान, तितका छरा मोठा). पण तुमच्या हातात जुनी बंदूक येणार आहे, म्हणून तुमच्यासाठी बहुधा पावणेतीन इंची काडतूस योग्य, आणि तेही बिस्मथ या धातूच्या छऱ्यांचं.

सगळ्यात आधी बंदूक पूर्ण रिकामी आहे याची खात्री करून नळीच्या मागच्या टोकाजवळ काय कोरलंय ते वाचा. तिथे गेज आणि चेंबरची, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीची, लांबी लिहिलेली असते. पावणेतीन इंच लिहिलं असेल तर त्यात तीन इंची काडतूस कधीही, एकदासुद्धा घालायचं नाही. अडचण अशी की ते आत जातं. काडतुसाची लांबी मोजतात ती उडाल्यानंतरच्या, तोंड उलगडलेल्या पुंगळीची. न उडालेल्या काडतुसाचं तोंड आत दुमडलेलं असतं, त्यामुळे तीन इंची काडतूस पावणेतीन इंचाच्या चेंबरमध्ये आरामात बसतं आणि बंदूकही नीट बंद होते. चाप ओढला की दुमड उलगडते, पण तिला उलगडायला जागा उरलेली नसते. ती नळी जिथे अरुंद होत जाते तिथे घुसते, छऱ्यांची वाट आवळते आणि आतला दाब भलताच वाढतो. उलट दिशेने धोका नाही: तीन इंचाच्या चेंबरमध्ये पावणेतीन इंची बिनधास्त चालतं. नळीवर काहीच कोरलेलं नसेल किंवा पुसट झालं असेल, तर बंदूक दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडून चेंबर मोजून घ्या. अंदाजावर जाऊ नका. जुन्या इंग्लिश बंदुकांमध्ये अडीच इंचाचेही चेंबर असतात.

आता छऱ्यांबद्दल. अमेरिकेत १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छऱ्यांवर देशभर बंदी आहे. बदकं चिखलातून अन्न शोधताना खड्यांबरोबर तळाशी पडलेले छरे गिळायची आणि शिशाच्या विषाने मरायची. ही बंदी मला मनापासून पटते. मात्र तिचा परिणाम काडतुसाच्या लांबीवर झाला. शिशाची घनता ११.३, स्टीलची ७.८. छरा हलका, म्हणून हवेत वेग लवकर गमावतो. ते भरून काढायला दोन नंबर मोठे छरे घ्यावे लागतात. मोठे छरे जास्त जागा खातात, तेवढ्याच पुंगळीत कमी मावतात. म्हणून लोक तीन इंचीकडे वळले आणि १९८८ मध्ये १२ गेजमध्ये साडेतीन इंचीही आलं.

दुकानदाराचं वाक्य चुकतं ते इथे. लांब काडतुसात छरे जास्त असतात, पण प्रत्येक छरा तसाच असतो. २ नंबरचा स्टीलचा छरा सारख्याच वेगाने निघाला, तर ४० यार्डांवर तो सारखाच लागणार, मग पुंगळी कितीही इंची असो. लांबी वाढवून पल्ला वाढत नाही, त्या पल्ल्याच्या आत छऱ्यांची दाटी वाढते.

दाटी किती लागते, याचा हिशेब करून बघा. २ नंबरचे स्टीलचे छरे एका औंसात साधारण १२५ येतात. पावणेतीन इंचीत बहुधा सव्वा औंसापेक्षा थोडं कमी, म्हणजे ३२ ग्रॅम वजन भरतात: सुमारे १४० छरे. तीन इंचीत सव्वा औंस, म्हणजे ३५ ग्रॅम: सुमारे १५५. साडेतीन इंचीत दीड औंस: १८७ च्या आसपास. मॅलार्डसारखं मोठं बदक जागच्या जागी पडायला ३० इंच व्यासाच्या वर्तुळात ८५-९० छरे हवेत, असं साधारण मानतात. मॉडिफाइड चोकमधून (चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेला आवळ; मॉडिफाइड म्हणजे मध्यम) ४० यार्डांवर ६० टक्क्यांच्या आसपास छरे त्या वर्तुळात जातात असं धरलं, तर पावणेतीन इंची काठावर पास होतं, तीन इंची थोडी सवड ठेवून पास होतं. साडेतीन इंचीची जास्तीची दाटी बदकांना लागतच नाही; मोठ्या हंसांसाठी बीबीसारखे जाडे छरे भरायचे असतील तिथे तिचा उपयोग. त्याची किंमत मात्र खांदा मोजतो. साडेतीन इंचीचा दाब आणि धक्का दोन्ही जास्त, आणि नवीन माणूस दोन-तीन बारांनंतर चाप ओढण्याआधीच अंग आक्रसायला लागतो. तिथून नेम गेलाच म्हणून समजा.

हा हिशेब कागदावर खरा करून घ्या. मोठा कागद लावा, ४० यार्ड मोजा, एक बार काढा, जिथे सगळ्यात दाटी आहे तिथे ३० इंचाचं वर्तुळ आखून छिद्रं मोजा. तीन-चार वेळा करा. एकच चोक आणि एकच नंबर असला तरी दोन कंपन्यांच्या काडतुसांत बराच फरक पडतो, आणि तो खोक्यावर वाचून कळत नाही.

तुमच्या बंदुकीला हे सगळं लागू करायचं तर आणखी एक पेच आहे. जुन्या नळ्या शिशाच्या मऊ छऱ्यांसाठी बनल्या होत्या. कायमचा फुल, म्हणजे घट्ट आवळलेला, चोक असलेल्या जुन्या नळीतून जाडे स्टीलचे छरे काढले की चोकपाशी नळी फुगू शकते. बिस्मथ मऊ आहे, घनता ९.६, पाणपक्ष्यांसाठी कायदेशीर आहे आणि पावणेतीन इंची काडतुसातही छान काम करतं. ४ नंबर घ्या. महाग पडतं, पण एका हंगामात नवशिक्याला शिकारीसाठी फारशी काडतुसं लागत नाहीत; सराव मातीच्या तबकड्यांवर स्वस्तातल्या काडतुसांनी करा. त्याआधी नळीची तपासणी हवीच. नळी दमास्कसची, म्हणजे नक्षीसारख्या पट्ट्यांची असेल, तर ती भिंतीवरच शोभू द्या आणि मित्राकडून दुसरी मागा.

अंतराबद्दल मी हट्टी आहे. पहिल्या वर्षी ३० यार्डांपलीकडे बार काढू नका. पाण्यावर नकली बदकं मांडताना सगळ्यात लांबचं बदक पावलांनी मोजून २५-३० यार्डांवर ठेवा, म्हणजे डोळ्याला खूण मिळते. साडेतीन इंची हातात असलं की माणसाला ६० यार्डांवरचं बदक आपलंसं वाटायला लागतं. त्यातले एक-दोन छरे लागतात, बदक डगमगतं, पण पडत नाही. तिरकं तरंगत पाणकणसांत उतरतं आणि कुत्र्यालाही सापडत नाही. ते तिथे दोन दिवसांनी मरतं. मी हे पाहिलंय आणि मला अजून त्रास होतो. पक्षी मारायचा ठरवलं असेल तर तो तिथल्या तिथे मेला पाहिजे आणि तुमच्या ताटात आला पाहिजे. काडतुसाची निवड याच हिशेबाने करायची.

कागदपत्रांचं विसरू नका. तुम्ही एच-१बी वर असाल तर शिकारीचा वैध परवाना काढल्याशिवाय मित्राची बंदूक हातातही घेऊ नका. बिगर-स्थलांतरित व्हिसावाल्यांना बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याची मनाई आहे आणि शिकारीचा परवाना हा त्यातला एक अपवाद आहे. मिनेसोटात १९७९ नंतर जन्मलेल्यांना बंदूक सुरक्षेचं प्रमाणपत्रही लागतं, शिवाय केंद्र सरकारचा डक स्टॅम्प, म्हणजे पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी विकत घ्यायचं तिकीट. बंदुकीत एका वेळी तीनपेक्षा जास्त काडतुसं मावता कामा नयेत.

खाली कुणीतरी विचारलंय की हे ठाणे खाडीत चालेल का. अजिबात नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवान्यावरची शिकारही संपली. ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. इथले थापटे आणि हळदी-कुंकू बदकं दुर्बिणीतून बघायची. ऐरोलीला सागरी जैवविविधता केंद्र आहे, सुट्टीत आलात की जाऊन या.

आणि सुट्टीत येताना शिकारीचं जॅकेट, बॅग, बुटांचे कप्पे उलटे करून झटका. एखादं जिवंत काडतूस चुकून सामानात राहिलं तरी विमानतळावर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. रिकामी पुंगळीसुद्धा आठवण म्हणून आणू नका. नळीवर काय कोरलंय ते वाचलंत की इथेच लिहा, त्याप्रमाणे नेमकं काय घ्यायचं ते सांगतो.