ठाण्यात वापरता येईल असे सोपे विणकाम कोणते: टोपी, मफलर की शाल?

नुकतेच टाके शिकलेल्या व्यक्तीने मफलरपासूनच सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे. ४ मिलिमीटरच्या सुयांवर मध्यम जाडीच्या धाग्याचे ४४ टाके घालून प्रत्येक ओळ सुलट विणल्यास साधारण २० सेंटिमीटर रुंदीची पट्टी होते आणि ती दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. याउलट एक ओळ सुलट व एक उलट विणल्यास कडा गुंडाळल्या जातात आणि नवशिक्याचा हिरमोड होतो. लांबी १५० सेंटिमीटर पुरे.

त्यानंतर शाल घ्यावी. ३ टाक्यांपासून प्रत्येक ओळीच्या आरंभी १ टाका वाढवत गेल्यास त्रिकोण आपोआप मोठा होतो, आणि धागा संपत आला की टाके सैलसर बंद करता येतात. टोपीसाठी २ सुलट, २ उलट अशी ताणली जाणारी चौकोनी पट्टी विणून वरची कड दोऱ्याने चुणावी आणि मागची शिवण घालावी.

धाग्याची निवड मात्र विचारपूर्वक करावी. ठाण्याच्या दमट हवेत जाड लोकर शहरालगतच्या येऊरच्या डोंगरावरील जानेवारीतील पहाटेपुरतीच सुसह्य वाटते; वातानुकूलित लोकल किंवा कार्यालयासाठी सुती धाग्याची शाल अधिक वापरली जाते.