खोडलेलं फेकू नका

कथा लिहायला लागलात, की सुरुवातीला टिपणांसाठी एकच वही किंवा मोबाइलमधली एकच फाइल ठेवा. चार ठिकाणी टिपणं विखुरली की ऐन वेळी एकही सापडत नाही.

सुचलं की तारीख घालून पूर्ण वाक्यात लिहा. नुसतं ‘आजी, पाऊस, छत्री’ लिहिलंत, तर महिन्याभरानं तुम्हालाच अर्थ लागणार नाही. ‘छत्री मिटलेली, तरी आजी भिजत उभी, कुणाची वाट बघतेय?’ यात मात्र कथेचं बी आहे.

- मसुदा बदलण्याआधी प्रत काढा: ‘कथा १’, ‘कथा २’. बरेच नवखे जुन्या मसुद्यावरच खाडाखोड करतात आणि पहिली चांगली सुरुवात गमावतात.
- कापलेले परिच्छेद ‘उरलंसुरलं’ फाइलीत टाका. मग कात्री चालवताना जीव वरखाली होत नाही.

महिन्यातून एकदा हे सगळं चाळा. वर्गवारी, रंगीत खुणा सध्या नकोत. त्या नादात लिहिणंच राहतं.