अमेरिकेत पिकअपने ७,००० पौंडांचा ट्रॅव्हल ट्रेलर (चाकांवरचे फिरते घर) ओढण्यासाठी कोणता हिच, म्हणजे गाडीला ट्रेलर जोडणारी जोडणी, सुरक्षित?

सामान आणि पाणी भरलेल्या ट्रेलरचे आधी वजनकाट्यावर वजन करून घ्यावे. हिचच्या बॉलवर, म्हणजे ट्रेलरचा पुढचा दांडा ज्या गोळ्यावर बसतो त्यावर, या वजनाच्या १० ते १५ टक्के, म्हणजे ७०० ते १,०५० पौंड भार यायला हवा. तो कमी पडला, तर महामार्गावर ट्रेलर झोकांड्या खाऊ लागतो आणि जास्त झाला, तर पिकअपची मागची बाजू दबून पुढच्या चाकांची पकड सैल होते. म्हणून माझ्या मते साध्या बॉलवर भागवू नये. भार पुढच्या चाकांपर्यंत विभागणारा, झोकांड्या रोखण्याची सोय असलेला वेट डिस्ट्रिब्युशन हिचच घ्यावा. रिसीव्हर (पिकअपच्या मागे बसवलेली चौकोनी नळी), बॉल माउंट (तिच्यात बसणारा, बॉल धरणारा भाग) आणि बॉल यांपैकी ज्याची क्षमता सर्वांत कमी, तीच संपूर्ण जोडणीची मर्यादा असते. बॉल हा कपलरवर, म्हणजे दांड्याच्या टोकाला बॉलवर बसणाऱ्या भागावर, नोंदवलेल्या मापाचाच हवा, आणि सुरक्षा-साखळ्या कपलरखाली एकमेकींना छेदून अडकवाव्यात, म्हणजे जोडणी सुटली तरी दांडा रस्त्यावर आपटत नाही.