सासूबाईंच्या पंचाहत्तरीला हाताने काय करून देऊ?

प्रश्न : नमस्कार ताई, माझ्या सासूबाईंना येत्या 1 जूनला पंचाहत्तर पूर्ण होतायत. खरी तारीख कोणालाच माहीत नाही, गुरुजींनी शाळेत 1 जून लिहिली तीच चालू आहे. नणंदा म्हणतात सगळ्यांनी पैसे काढू आणि चांदीची समई घेऊ, पण मला स्वतःच्या हाताने काहीतरी करून द्यायचंय. शिवण जेमतेम येते, साडीला फॉल लावते इतकंच. फोटो छापलेले मग, उशा बघितल्या, पण त्यांना ते नाही आवडणार. काय करू? (एक वाचक, यावल तालुका)

उत्तर : समई नणंदांना घेऊ द्या, तुम्ही गोधडी शिवा. फॉल लावता येतो म्हणजे धावदोरा येतोच, आणि गोधडीला दुसरा टाका लागत नाही. कापड बाहेरून आणू नका, त्यांच्याच पेटीतली जुनी सुती लुगडी घ्या, पण एक कळकळीने सांगते, न विचारता कात्री लावू नका. मी आईला सरप्राईज द्यायचं म्हणून तिचं एक विरलेलं हिरवं लुगडं कापलं होतं, ते माझ्या मोठ्या भावाच्या बारशाचं निघालं. ती काही बोलली नाही, फक्त सगळे तुकडे गोळा केले, घडी घातली आणि परत पेटीत ठेवले. ती घडी घालताना तिचे हात मला आजही दिसतात. म्हणून सरप्राईजचा नाद सोडा, त्यांच्या शेजारी बसून पेटी उघडा आणि कोणतं लुगडं कधीचं ते विचारत जा, ते ऐकणं हीसुद्धा भेटच आहे त्यांना.

आता कामाचं. कापड आधी गरम पाण्यातून धुवून, वाळवून, इस्त्री करून घ्या, म्हणजे काय आटायचं ते आधीच आटेल. सुतीत नायलॉन मिसळू नका, धुतल्यावर एक आटतं, दुसरं नाही आणि गोधडीला चुण्या पडतात. तीनच थर ठेवा, जास्त केले की सुई अडते आणि बोटं सोलतात. जमिनीवर ताणून पसरा, लांब कच्चे टाके घालून सगळे थर पक्के धरा, मग कडेपासून सुरू करून चौकोनात फिरत आत आत मध्यापर्यंत या. टाके वाकडे आले तरी उसवत बसू नका, लांबी साधारण सारखी असली की बास. पहिल्यांदाच करताय तर तीन बाय चारची, मांडीवर घ्यायला पुरेल एवढीच करा. एका कोपऱ्यात नातवाच्या जुन्या झबल्याचा तुकडा लावा, त्यांना बघताक्षणी कळेल कोणाचा ते. आणि शिवायला सकाळी बसा, एप्रिल-मेच्या आपल्याकडच्या उन्हात दुपारी गोधडी मांडीवर घेववत नाही.

अजून एक, त्यांना जात्यावरच्या ओव्या येत असतील तर मोबाईलवर रेकॉर्ड करून एका वहीत उतरवून काढा, त्या बोलतात तशाच शब्दात, शुद्ध करायला जाऊ नका. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी गाणी लिहून ठेवली म्हणून 1952 साली पुस्तक निघालं, तेही त्या गेल्यानंतर. आपल्या घरातलं कोण लिहून ठेवणार, आपणच ना.

प्रश्न : भाऊ पुण्याला होस्टेलवर आहे, विसावा वाढदिवस तिकडेच होणार. माझ्याकडे पैसे फार नाहीत. काय पाठवू? (एक बहीण, शिरपूर)

उत्तर : शंभर पानी वही घ्या आणि घरातल्या प्रत्येकाला एकेक पान लिहायला लावा, अहिराणीतच, पुण्यात ती त्याच्या कानावर पडत नसणार. आजीला लिहिता येत नसेल तर ती सांगेल तसं तुम्ही लिहा आणि खाली तिचा अंगठा घ्या. वडील लिहायला टाळाटाळ करतील, त्यांच्या मागे लागाच, त्यांचं पान तो सगळ्यात आधी वाचेल. सोबत भाजलेल्या बिबड्या (आपले ज्वारीचे पापड) आणि शेंगदाणे द्या, पण बिबड्या स्टीलच्या डब्यात भरा आणि वर-खाली जुन्या कापडाचे बोळे दाबून बसवा, नाहीतर पोचेपर्यंत चुरा होतो.