मनीऑर्डरचं कोकण आणि देशाचा हिशोब

प्रिय बाय,

तुझ्या प्रबंधाचा आराखडा नीट वाचला. मेहनत दिसतेय. पण पहिल्याच पानावर तू लिहिलंयस की कोकण मनीऑर्डरवर जगतं, इथे स्वतःचं उत्पादन असं फारसं नाही, आणि पुरावा म्हणून खाली जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न दिलंयस. ते वाक्य आत्ता बाजूला काढून ठेव, कारण ज्या आकड्याला तू साक्षीला उभं केलंयस त्यात मनीऑर्डर मुळी येतच नाही.

बघ, जिल्ह्याचं उत्पन्न काढताना आपलं अर्थ व सांख्यिकी संचालनालय एवढंच विचारतं की या हद्दीच्या आत किती मूल्य तयार झालं. आंबा, काजू, मासळी, हॉटेलं, एसटी, मास्तरांचा पगार, सगळं त्यात. पण राजापूरच्या घरातला मुलगा मुंबईला नोकरीला असेल तर त्याचा पगार मुंबईच्या उत्पन्नात जातो, तो घरी जे पाठवतो (आता मनीऑर्डर कुठली, सगळं गूगल पे) ते राजापुरात खर्च होतं, त्यावर घराला स्लॅब पडतो, पण रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्पन्नात पाठवलेले पैसे म्हणून त्यातला एक पैसाही दिसत नाही. म्हणजे तुझा आकडा कमी आला तर तो कोकणातलं उत्पादन कमी असल्याचं सांगेल, लोक कशावर जगतात ते नाही सांगणार. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि तू ते एकाच वाक्यात कोंबलेस.

देशाच्या पातळीवर नेमका हाच फरक जीडीपी (देशांतर्गत सकल उत्पादन) आणि जीएनआय (सकल राष्ट्रीय उत्पन्न) यांत आहे. जीडीपी हद्द बघतो, जीएनआय माणूस बघतो, म्हणजे रहिवासी कुठला ते. पुस्तकात तू हे वाचलंच असशील, पण पुस्तकात ते कोरडं वाटतं, आपल्याकडे किनाऱ्यावर उभं राहिलं की ते डोळ्यांसमोर चालू असतं. हापूसच्या बागेत राखणीला नेपाळी माणसं असतात, मिरकरवाड्याच्या बंदरात बोटींवरही असतात. त्यांचा घरसंसार नेपाळात, हंगामापुरते इथे येतात. मग त्यांनी इथे केलेलं काम भारताच्या जीडीपीत येतं, पण त्यांचा पगार हिशोबाच्या नियमाने नेपाळच्या राष्ट्रीय उत्पन्नात. आता आपल्याच गावातला मुलगा घे जो परदेशी कंपनीच्या जहाजावर आहे, सहा-आठ महिने जातो, परत येतो, पुन्हा कॉन्ट्रॅक्ट. जहाजावरचा माणूस कुठल्याही समुद्रात असो, तो आपल्या घरच्या देशाचाच रहिवासी धरतात, म्हणून त्याचा पगार भारताच्या जीडीपीत नाही पण जीएनआयमध्ये आहे. आणि त्याचा सख्खा भाऊ चार वर्षं कुवेतला नोकरी करतोय, तो मात्र एक वर्षाच्या वर तिथे राहिला म्हणून हिशोबात कुवेतचा रहिवासी झाला, पासपोर्ट भारताचा असला तरी. त्याचा पगार आपल्या जीडीपीतही नाही, जीएनआयमध्येही नाही. तो घरी जेवढं पाठवेल तेवढंच आपल्या खात्यात येतं आणि तेही हस्तांतरण म्हणून (म्हणजे कामाचा मोबदला नव्हे, नुसते दिलेले पैसे), ते दिसायला तुला आणखी एक पायरी पुढे जाऊन राष्ट्रीय खर्चयोग्य उत्पन्न (जीएनआयमध्ये अशी हस्तांतरणं मिळवून येणारा आकडा) बघावं लागतं. एका आईचे दोन मुलगे, एकाच महिन्यात सारखेच पैसे पाठवतात, आणि देशाच्या वहीत दोन वेगळ्या पानांवर जातात.

ही पानं कोण भरतं ते मी काउंटरवर बसून बघितलंय म्हणून सांगतो. परदेशातून आलेल्या पैशाला बँकेत पर्पज कोड लावतात, म्हणजे पैसे कशासाठी आले ते सांगणारा क्रमांक. कुटुंबाच्या खर्चासाठी आलेले पैसे असतील तर पी1301, परदेशी मालकाकडून मिळालेला पगार असेल तर पी1401, असे. बँका दर पंधरवड्याला हे रिझर्व्ह बँकेला कळवतात आणि त्यातून व्यवहारतोल, म्हणजे देशाचा बाहेरच्या जगाशी असलेल्या देण्याघेण्याचा हिशोब, उभा राहतो. आता संध्याकाळी चार वाजता रांग लागलेली असते, खलाशाची बायको विचारते पैसे आले का, आणि क्लार्कने सवयीने सगळ्यांना 1301 लावला तर कागदावर पगार हा हस्तांतरण म्हणून नोंदला जातो. देश त्याने बुडत नाही, पण तू संशोधन करणार आहेस तर आकडा कुठल्या टेबलावर जन्मला ते तुला माहीत पाहिजे. प्रबंधासाठी बँकांमध्ये जाशील तेव्हा मॅनेजरपेक्षा त्या काउंटरवरच्या माणसाशी जास्त बोल.

अजून एक गुंता आहे. कुवेतच्या भावाने पैसे घरी न पाठवता एनआरआय खात्यात ठेव म्हणून टाकले तर ते उत्पन्नही नाही आणि हस्तांतरणही नाही, ते देशावरचं देणं झालं, व्यवहारतोलाच्या वित्तीय खात्यात (ठेवी, कर्जं, गुंतवणूक यांच्या भागात) जातं, कारण उद्या तो ते परत नेऊ शकतो. आणि मग कधीतरी वडिलांच्या आजारपणात त्यातलेच पैसे रुपयांत इथे काढले की देणं संपलं आणि ते खासगी हस्तांतरण झालं. एवढं कळलं की रेमिटन्स (बाहेरून घरी पाठवलेले पैसे) वाढले अशी बातमी वाचताना तू आपोआप विचारशील की लोकांनी खरंच जास्त पाठवले का आधीच्या ठेवीच इथे मोडल्या.

रिझर्व्ह बँकेच्या पाहणीप्रमाणे 2023-24 मध्ये भारतात सुमारे 11,870 कोटी डॉलर रेमिटन्स आले, महाराष्ट्राचा वाटा साधारण 20 टक्के, केरळच्या थोडा वर. पण त्यात फोड राज्यापर्यंतच आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडात किती, मुंबईत किती, हे त्यात नाही. तुझा प्रबंध खरं तर इथून सुरू व्हायला हवा.

आता व्यापार. तू लिहिलंयस की कोकण बाहेरून तांदूळ, भाजी, सिमेंट, कपडे सगळं आणतं, बाहेर जातो तो फक्त आंबा, काजू, मासळी, म्हणजे तूट, म्हणजे परावलंबन. इथे थांब आणि दादाभाई नौरोजींकडे बघ. 1867-68 च्या आकड्यांवरून त्यांनी दरडोई वार्षिक उत्पन्न 20 रुपये काढलं, पिकांचा प्रांतवार अंदाज आणि बाजारभाव घेऊन, आणि मग तुरुंगातल्या कैद्याला जगवायला सरकारला किती खर्च येतो त्याच्याशी ताडून पाहिलं. पण मला त्यांचं मोठेपण दुसऱ्या गोष्टीत वाटतं. तेव्हाच्या हिंदुस्थानची निर्यात आयातीपेक्षा जास्त होती. वरवर बघणारा म्हणेल, वा, व्यापारात शिल्लक, देश कमावतोय. दादाभाईंनी विचारलं की ह्या शिलकीच्या बदल्यात परत काय आलं? काहीच नाही, कारण ते पैसे पेन्शनी, पगार, व्याज, लंडनमधला खर्च म्हणून निघून जात होते. व्यापारात शिल्लक आणि माणसं उपाशी. आपल्या कोकणात उलटं, व्यापारात तूट आहे आणि तरी बँकांमध्ये ठेवी साठतात. शाखेत विचार, ठेवी किती आणि त्यामानाने इथे कर्ज किती दिलं. ठेवी जास्त, कर्ज कमी, उरलेला पैसा बाहेर जातो.

हे का होतं ते एका समीकरणात आहे आणि ते तू पाठ न करता समजून घे: बचत वजा गुंतवणूक म्हणजे चालू खात्याची शिल्लक. चालू खातं म्हणजे नुसता मालाचा व्यापार नाही, त्यात सेवा आहेत, पगार-व्याज-नफा आहेत, आणि घरी पाठवलेले पैसे आहेत. मालात तूट असूनही पाठवलेले पैसे त्याहून जास्त असतील तर खातं शिलकीत, आणि शिलकीत असेल तर तेवढी बचत इथे गुंतवायला जागा मिळाली नाही म्हणून बाहेर गेली, दुसरं काही होऊच शकत नाही. म्हणजे कोकणचा प्रश्न 'पैसा नाही' हा नाहीच कदाचित. इथला पैसा इथे गुंतत का नाही, हा असावा. मला हा प्रश्न फार जिव्हाळ्याचा वाटतो, आयुष्यभर ठेवी घेतल्या आणि त्या जाताना पाहिल्या.

देशाचंही तसंच, प्रमाण वेगळं. 2023-24 ला मालाच्या व्यापारात भारताची तूट जवळपास 24 हजार कोटी डॉलर होती, पण सॉफ्टवेअर वगैरे सेवा आणि बाहेरच्या माणसांनी पाठवलेले पैसे धरले की चालू खात्यावरची तूट जीडीपीच्या एक टक्क्याच्या आत आली. टीव्हीवर मात्र फक्त पहिला आकडा ओरडून सांगतात.

आणि हा आधार काढून घेतला तर काय होतं ते आपल्या लोकांनी पाहिलंय. ऑगस्ट 1990 मध्ये इराक कुवेतमध्ये घुसला, तेलाचे भाव चढले आणि आखातातली माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी परतली, 1,70,000 पेक्षा जास्त भारतीयांना विमानांनी आणलं, त्यात आपल्या कोकणातलेही होते. पाठवणारेच घरी आले तर पाठवणार कोण. इतरही कारणं होतीच, आधीची कर्जं, वित्तीय तूट, एनआरआय ठेवी काढून घेतल्या गेल्या, पण 1991 च्या मध्यात परकीय चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं आणि जुलैत रिझर्व्ह बँकेला जवळपास 47 टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवावं लागलं. व्यवहारतोल हा शब्द तेव्हा पहिल्यांदा सामान्य लोकांच्या तोंडी आला.

दुसरी गोष्ट, तुझ्या आराखड्यात बायका कुठे आहेत? हिशोबाचा नियम असा आहे की घरच्या वापरासाठी पिकवलेला भात उत्पन्नात धरतात, घरच्यासाठी पकडलेले मासे धरतात, वाळवून ठेवलेली सुकटही धरायची असते, पण तेच मासे साफ करून, वाटण वाटून, कालवण करून दहा माणसांना वाढलं तर ते शून्य. खानावळीत केलं तर उत्पन्न. 2019 च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी 299 मिनिटं देताना आढळल्या, घरकाम करणारे पुरुष 97 मिनिटं. ज्या गावातले पुरुष मुंबईत नाहीतर समुद्रावर, तिथे शेत, गुरं, म्हातारी माणसं हे सगळं कोण सांभाळतं ते तुला मी सांगायला नको, आणि तो मुलगा बाहेर जाऊन कमावू शकतो तो बायकांच्या या कामामुळेच. सायमन कुझनेट्स या अर्थतज्ज्ञाने 1934 मध्ये अमेरिकेच्या सिनेटसाठी राष्ट्रीय उत्पन्नाचा अहवाल दिला तेव्हाच बजावलं होतं की या आकड्यावरून देशाचं कल्याण मोजू नका. मोजणाऱ्यानेच सांगितलेलं आहे ते, टीकाकाराने नाही.

उलट्या बाजूने, जमीन. गेली काही वर्षं किनाऱ्यालगतच्या जमिनी धडाधड विकल्या जातायत, गावात पैसा दिसतो, नवीन गाड्या दिसतात. जमिनीची किंमत उत्पन्न नाही, एका हातातली मालमत्ता दुसऱ्या हातात गेली एवढंच, फक्त एजंटचं कमिशन आणि वकिलाची फी जीडीपीत. ज्या घराने कलमांची बाग विकून बंगला बांधला त्याचा बंगला गुंतवणूक म्हणून दिसेल आणि गेलेली बाग कुठेच वजा होणार नाही. हे लिही.

आयर्लंडचं उदाहरण एका परिच्छेदात घाल. 2015 मध्ये त्यांचा जीडीपी पहिल्या अंदाजात 26 टक्क्यांनी वाढलेला निघाला, कारण बहुराष्ट्रीय कंपन्यांनी पेटंटसारखी मालमत्ता कागदावर तिकडे हलवली, लोकांच्या घरात काही फरक नाही. त्यांच्या सांख्यिकी खात्याने मग स्वतःच सुधारित जीएनआय काढायला सुरुवात केली. आकडा खोटा नव्हता, पण तो आयरिश माणसाचा नव्हता.

वाचायला सुरुवात 1949 च्या राष्ट्रीय उत्पन्न समितीच्या अहवालांपासून कर. महालनोबिस अध्यक्ष, सोबत व्ही. के. आर. व्ही. राव आणि पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ (ज्या गोखल्यांचं नाव त्या संस्थेला आहे ते आपल्या गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचे). आकडे जुने झालेत, पण कुठे माहिती नव्हती आणि तिथे काय गृहीत धरलं हे त्यांनी जसं उघड लिहिलंय तसं आजकाल कोणी लिहीत नाही, तो प्रामाणिकपणा तुझ्या प्रबंधात यावा असं मला मनापासून वाटतं.

तूर्त एवढं कर. तुझ्या गावातली वीस-पंचवीस घरं घे, आणि प्रत्येक घरात पैसा कुठून आला हे विचारताना पाठवणारा कुठे आहे, किती महिने, मालक कुठला, पैसे खर्चाला आले का ठेवीत गेले, हे चार रकाने ठेव. पुरुषांना एकट्याने विचारू नकोस, घरचा हिशोब बाईकडे असतो. शिमग्याला सगळे चाकरमानी आणि जहाजावरचे बरेचसे घरी असतात, तेव्हाच जा. तक्ता भरला की मला पाठव, मी बघून देतो.

तुझा,
काका