अकरा होड्यांची तारली

प्रश्न : मोबाइल आला की भरभराट होते म्हणतात. आमच्या घरी तर नुसतं बिल वाढलं! खरं काय? – एक वाचक भगिनी, मालवण

उत्तर : ताई, तुम्ही मालवणच्या, म्हणून माशांचंच सांगते. १४ जानेवारी १९९७, केरळातलं वडकरा. ११ जण तारली घेऊन किनाऱ्याला लागले, तर गिऱ्हाईक एकही उरलेलं नाही. मासळी फेकायची वेळ! आणि १५ किलोमीटरच्या आत चोंबाल, कोयिलांडीला २७ गिऱ्हाइकं रिकाम्या हाती परतायच्या बेतात. दर्यातून विचारणार कसं?

मग टॉवर आले. होडीतूनच भाव विचारून बंदर ठरू लागलं. रॉबर्ट जेन्सन या अर्थतज्ज्ञाने हे सगळं मोजलं : मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्के वाढला, खाणाऱ्यांना मासे ४ टक्के स्वस्त पडले, फेकणं जवळपास थांबलं.

फोनने दर्यातून एक तारलीही जास्त काढली नाही हं! बंदरं जवळजवळ होती, गिऱ्हाइकं होती, म्हणून जमलं. उचल दिलेल्या व्यापाऱ्यालाच मासळी घालायची असेल, तर दहा बंदरांचे भाव कळून काय उपयोग? तुमच्या घरचा माल कुणाला बांधलेला आहे, ते आधी बघा. बिलाचं नंतर.